वाट पाहण्याचे मोजमाप

८ फेब्रुवारी २००५ रोजी गूगलने आपली नकाशासेवा खुली केली. तिचे नवल वाटले ते मुख्यतः एका गोष्टीमुळे : हा नकाशा हाताने ओढता येत होता. तोवर संगणकावरच्या नकाशाला चार दिशांचे चार बाण असत. बाणावर क्लिक केले की सगळे पान कोरे होई आणि काही सेकंदांनी थोडासा सरकलेला नकाशा घेऊन पुन्हा उमटे. नव्या नकाशात माऊस दाबून ओढला की टेबलावरची चादर ओढावी तशी जमीन सरके. यामागची रचना साधी होती. सबंध नकाशा लहान चौकोनी चित्रांत कापून ठेवलेला होता. माऊस हलला की पानातला जावास्क्रिप्ट कोड समोरची चित्रे सरकवी आणि कडेला नव्याने उघडी पडणारी तेवढीच चित्रे सर्व्हरकडून मागवी. सगळे पान पुन्हा आणण्याचे कामच उरले नव्हते. त्या दिवशी कुणाचा संगणक बदललेला नव्हता, ब्राउझर बदललेला नव्हता, इंटरनेटची जोडणीही आदल्या दिवशीचीच होती. बदलला होता तो कोड.

त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत वेबवरची ॲप्लिकेशन्स कशी वेगवान झाली, याची प्रचलित हकीगत मात्र निराळी आहे. क्रोम, फायरफॉक्स, सफारी आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्यात शर्यत लागली, जावास्क्रिप्ट चालवणारी इंजिने कित्येक पटींनी वेगवान झाली आणि त्या भरतीवर सगळी ॲप्लिकेशन्स तरली, असे ती सांगते. ही हकीगत खोटी नाही, पण अपुरी आहे. या काळातले दाखले एकापुढे एक मांडले की दिसते ते असे : वापरणाऱ्याला जाणवेल असा वेग तेव्हाच मिळाला, जेव्हा त्याची वाट नेमकी कुठे अडते आहे हे कुणीतरी मोजले आणि त्या जागचे काम कोडमधून कमी केले. इंजिनांचा वेगसुद्धा पुरतेपणी लाभला तो अशाच कोडला. जिथे मोजायची गोष्टच चुकली, तिथे इंजिन कितीही धावले तरी माणूस पडद्यापुढे ताटकळतच राहिला.

जावास्क्रिप्टच्या संथपणाची कारणे तिच्या जन्मकथेत आहेत. मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत तयार केला. आधी मोचा, मग लाइव्हस्क्रिप्ट आणि डिसेंबरमध्ये जावास्क्रिप्ट, अशी तिची नावे बदलत गेली. अर्ज पाठवण्यापूर्वी एखादा रकाना रिकामा राहिला आहे का ते पाहणे, माऊस वर आला की चित्र बदलणे, अशा किरकोळ कामांसाठी ती होती. म्हणून तिची रचनाही मोकळी ठेवलेली होती. व्हेरिएबलमध्ये आता आकडा असेल, पुढच्या ओळीत शब्द असेल. एखाद्या ऑब्जेक्टला चालत्या प्रोग्राममध्ये नवी प्रॉपर्टी जोडता येते, जुनी काढून टाकता येते. या मोकळेपणाची किंमत चालवताना मोजावी लागे. साधी अधिक-चिन्हाची क्रिया आली तरी समोर दोन आकडे आहेत की दोन शब्द, हे इंटरप्रिटरला प्रत्येक वेळी तपासावे लागे, आणि प्रत्येक प्रॉपर्टीचा ठिकाणा शब्दकोशात शब्द शोधावा तसा नव्याने शोधावा लागे. चार ओळींच्या कामात हे कुणाला जाणवत नसे. पण १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये एक सोय आली. मुळात आउटलुकची टपाल वेबवर वाचता यावी म्हणून तयार झालेल्या या सोयीमुळे पान न बदलता सर्व्हरकडून माहिती मागवता येऊ लागली. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल आले आणि त्याने सबंध टपालपेटी या पद्धतीवर उभी केली. १८ फेब्रुवारी २००५ रोजी जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिले. रकाने तपासणाऱ्या भाषेवर आता हजारो ओळींचा संसार येऊन पडला.

या ओझ्याला पहिले उत्तर दिले ते ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांनी, आणि ते इंजिने सुधारण्याच्या आधी. जानेवारी २००६ मध्ये जो हेविट यांचे फायरबग हे साधन फायरफॉक्ससाठी आले. पान उघडताना कोणती फाइल किती वेळ घेते, कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो, हे प्रोग्रामरला त्याच ब्राउझरमध्ये बसून पाहता येऊ लागले. याहू कंपनीत स्टीव्ह साउडर्स यांनी असेच मोजमाप मोठ्या प्रमाणावर केले. तोवरची समजूत अशी, की पान उशिरा उघडते ते सर्व्हर आणि डेटाबेस मंद असल्यामुळे. साउडर्स यांना आढळले, की वाट पाहण्यातला ८० ते ९० टक्के वेळ मूळ एचटीएमएल हाती आल्यानंतर जातो : चित्रे, स्टाइलशीट आणि स्क्रिप्टच्या फाइली आणण्यात. २००७ मध्ये त्यांनी पुस्तकरूपाने मांडलेले नियम अगदी घरगुती शहाणपणाचे होते. दहा फाइलींच्या दोन करा, पाठवताना दाबून लहान करा, कोडमधल्या रिकाम्या जागा आणि टिपा काढा, एकदा आणलेली फाइल पुन्हा आणू नका, स्क्रिप्ट पानाच्या तळाशी ठेवा म्हणजे मजकूर तिच्यासाठी अडून राहणार नाही. यातल्या एकाही नियमाला नवे इंजिन लागत नव्हते. त्याच काळात प्रोग्रामर इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या खोडी ओळखून त्यांना वळसा घालायला शिकले. जावास्क्रिप्टचा ऑब्जेक्ट आणि पानातला घटक एकमेकांना धरून बसले की त्या ब्राउझरला ती मेमरी सोडवता येत नसे, आणि दिवसभर उघडे राहणारे ॲप्लिकेशन संध्याकाळपर्यंत जड होई. ती गाठ कोडनेच वेळेवर सोडायची, हा त्यावरचा उपाय होता.

मग २००८ साल उजाडले आणि इंजिनांनी खरोखरच झेप घेतली. जूनमध्ये सफारीचा गाभा असलेल्या वेबकिट प्रकल्पाने स्क्विरलफिश हे इंजिन जाहीर केले, ऑगस्टमध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने ट्रेसमंकी, आणि २ सप्टेंबरला गूगलने क्रोम ब्राउझर आणला, ज्याच्या पोटात व्ही८ हे नवे इंजिन होते. व्ही८चे प्रमुख लार्स बाक डेन्मार्कमधल्या ऑर्हुस भागातून काम करत. त्यांची पूर्वपीठिका पाहिली की या झेपेचे मूळ कळते. बाक यांनी आधी सेल्फ या संशोधनभाषेवर आणि नंतर जावाच्या हॉटस्पॉट यंत्रणेवर काम केलेले होते. सेल्फही जावास्क्रिप्टइतकीच मोकळी भाषा. अशा भाषेत एका जागी येणारे ऑब्जेक्ट बहुतेक वेळा एकाच बांध्याचे असतात, ही गोष्ट तिच्या संशोधकांनी १९८० च्या दशकातच हेरली होती. त्याआधी १९८४ मध्ये स्मॉलटॉक भाषेसाठी ड्यॉइच आणि शिफमन यांनी मागच्या वेळचा शोध जागच्या जागी लिहून ठेवण्याची युक्ती मांडली होती. व्ही८ने हे दोन्ही धडे ब्राउझरमध्ये आणले. प्रत्येक ऑब्जेक्टला पडद्याआड एक गुप्त वर्ग नेमून दिला जातो. एकाच क्रमाने त्याच प्रॉपर्टी मिळालेल्या ऑब्जेक्टचा वर्ग एकच. मग कोडमधल्या त्या जागी पुन्हा येताना इंजिन एवढेच विचारते : वर्ग मागच्याच खेपेचा आहे ना? असेल तर प्रॉपर्टी कुठल्या खणात आहे हे ठाऊकच असते आणि शब्दकोश चाळण्याची गरज उरत नाही. जोडीला, कोडचे थेट मशीन कोडमध्ये रूपांतर होऊ लागले.

ही युक्ती नीट पाहिली म्हणजे प्रचलित हकिगतीतली उणीव दिसते. इंजिन वेगवान झाले ते कोडविषयी एक अंदाज बांधून. अंदाज खरा ठरेल तोवर वेग, खोटा ठरला की माघार. एखाद्या प्रोग्रामरने निम्मे ऑब्जेक्ट आधी उंची मग रुंदी असे आणि निम्मे उलट क्रमाने बांधले, तर एकाच वस्तूचे दोन वर्ग होतात. एखादी प्रॉपर्टी पुसून टाकली तर व्ही८ त्या ऑब्जेक्टला बहुधा पुन्हा शब्दकोशाच्या वाटेवर नेऊन सोडी. एकाच फंक्शनला कधी आकडे, कधी शब्द दिले तर आकड्यांसाठी घडवलेला मशीन कोड फेकून द्यावा लागे. डिसेंबर २०१० मध्ये व्ही८मध्ये क्रँकशाफ्ट हा अधिक धाडसी कम्पायलर आला, तेव्हा लाभ वाढला आणि अटीही वाढल्या. त्रुटी पकडण्यासाठी लिहिलेली ट्राय-कॅच रचना ज्या फंक्शनमध्ये असेल ते फंक्शन क्रँकशाफ्ट हातीच घेत नसे. त्यामुळे प्रोग्रामर आपले कळीचे लूप अशा रचनेपासून वेगळ्या फंक्शनमध्ये काढून ठेवू लागले. इंजिनाने दिलेला वेग असा दोघांमधला करार होता, आणि त्यातली अर्धी बाजू कोड लिहिणाऱ्याने सांभाळायची होती.

शर्यत म्हटली की मापकाठी हवी. वेबकिटने डिसेंबर २००७ मध्ये सनस्पायडर ही चाचणी आणली, गूगलने व्ही८ची स्वतःची, मोझिलाने २०१० मध्ये क्रॅकन, आणि २०१२ मध्ये गूगलने ऑक्टेन. प्रत्येक ब्राउझरची जाहिरात या आकड्यांवर होऊ लागली. या चाचण्यांनी इंजिने सुधारली यात शंका नाही, पण त्या मोजत होत्या मुख्यतः आकडेमोडीचे लहान लूप. नोव्हेंबर २०१० मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ९ च्या चाचणी आवृत्तीत एक चमत्कारिक गोष्ट आढळली. सनस्पायडरमधली एक त्रिकोणमितीची चाचणी ते जवळपास शून्य वेळात पार करत होते, आणि त्या कोडमध्ये काहीही परिणाम न करणारी एक ओळ घातली की हा वेग नाहीसा होई. ज्याचे उत्तर कुठे वापरलेच जात नाही असा कोड आमचा कम्पायलर गाळतो, हे मायक्रोसॉफ्टचे स्पष्टीकरण होते, आणि गाळणे हे तंत्र म्हणून रास्तच आहे. पण ज्या चाचणीचे उत्तर कुणालाच नको आहे ती चाचणी माणसाच्या कोणत्या प्रतीक्षेविषयी काय सांगणार, हा प्रश्न त्यातून उघडा पडला. त्या प्रश्नाला शेवटचे उत्तर दिले ते शर्यतीत आघाडीवर असणाऱ्यांनीच. एप्रिल २०१७ मध्ये व्ही८ गटाने ऑक्टेन निवृत्त केली. खऱ्या संकेतस्थळांवर वेळ कुठे जातो हे तपासल्यावर ऑक्टेनच्या गुणांसाठी केलेल्या काही सुधारणा प्रत्यक्ष वापरात निरुपयोगी, क्वचित अपायकारकही ठरल्याचे त्यांनी मांडले. कोड वाचणे, तो कम्पाइल करणे, पान रंगवणे यात जाणारा वेळ ऑक्टेनच्या नजरेतून निसटत होता. त्याच वर्षी क्रँकशाफ्टच्या जागी इग्निशन आणि टर्बोफॅन ही जोडी आली. कमी मेमरीत लवकर सुरू होणे हे या नव्या रचनेचे एक मोठे उद्दिष्ट होते.

वाचण्याचा हा खर्च ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना मात्र आठ वर्षे आधीच भेटला होता. २००९ मध्ये जीमेलची मोबाईल आवृत्ती करणाऱ्या गटाने तेव्हाच्या आयफोनवर एक साधा प्रयोग केला. २०० किलोबाइट जावास्क्रिप्ट नेहमीसारखी पानात ठेवली तर ती नुसती वाचून समजून घ्यायलाच ब्राउझरला २६०० मिलिसेकंद लागत. तीच २०० किलोबाइट टिपेच्या खुणांमध्ये गुंडाळून ठेवली, म्हणजे ब्राउझरच्या लेखी ती कोड न राहता शेरा झाली, तर २४० मिलिसेकंद लागत. त्यांनी मग सगळा कोड शेऱ्यांच्या रूपात पाठवला आणि वापरणारा ज्या भागाला हात लावेल तेवढाच भाग त्या क्षणी शेऱ्यातून बाहेर काढून चालवला. पत्र लिहायचेच नसेल तर पत्र लिहिण्याचा कोड वाचायचा कशाला, हा त्यामागचा विचार. सव्वादोन सेकंदांहून अधिक वेळ वाचला, आणि तोही त्याच फोनवर, त्याच इंजिनात. पुढे ‘लागेल तेव्हाच आणा’ ही रीत सर्वमान्य झाली, तिच्यासाठी खास साधनेही आली. त्याच वर्षी, नोव्हेंबर २००९ मध्ये, गूगलने आपला क्लोजर कम्पायलर सर्वांसाठी खुला केला. तो नावे आखूड करी आणि कधीच न बोलावली जाणारी फंक्शन्स कोडमधून काढून टाकी. न पाठवलेला कोड ना डाउनलोड करावा लागतो, ना वाचावा लागतो, आणि कोणत्याही इंजिनाला त्याहून स्वस्त कोड मिळणे शक्य नाही.

दुसरी अडचण पडद्यावर होती. बहुतेक पडदे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला साडेसोळा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ येतो. ब्राउझरमध्ये पानाचा जावास्क्रिप्ट कोड चालवणे, घटकांची मापे ठरवणे आणि क्लिकला उत्तर देणे ही कामे एकाच मुख्य धाग्यावर चालतात. एक काम लांबले की बाकीची खोळंबतात, सरकणारी यादी अडखळते, बटण दाबलेले दिसत नाही. यात सर्वांत महागडी चूक फार निरागस दिसते : लूपमध्ये एका घटकाची उंची विचारायची, मग दुसऱ्याची रुंदी बदलायची, पुन्हा उंची विचारायची. ब्राउझर मापांचा हिशोब शक्य तितका पुढे ढकलून एकदाच करू पाहतो. पण बदलानंतर लगेच माप विचारले की त्याला सगळी मांडणी तिथल्या तिथे पुन्हा मोजावी लागते, आणि लूपच्या प्रत्येक फेरीत मोजावी लागते. आधी सगळी मापे वाचून घ्या, मग सगळे बदल करा, एवढ्या फेरफाराने शेकडो मोजण्यांची एक मोजणी होते. जावास्क्रिप्ट कितीही जलद झाली तरी हा खर्च घटत नाही, कारण तो तिच्याबाहेर, मांडणीच्या यंत्रणेत होतो. पडदा पुढचे चित्र काढण्याच्या बेतात असतानाच कोडला हाक मारणारी सोय ब्राउझरांनी २०११ च्या सुमारास दिली. हालचालीचा कोड पडद्याच्या ठेक्यावर बसवण्याचे साधन तेव्हा हाती आले, पण त्या ठेक्यात मावेल एवढेच काम करणे हे लिहिणाऱ्याकडेच राहिले.

२०१२ सालच्या एका प्रसंगात या सगळ्याची कसोटी लागली. फेसबुकचे मोबाईल ॲप तोवर आतून वेबच्या तंत्रावर चालत असे आणि त्याच्या मंदपणाची ओरड होती. कंपनीने आयफोनचे ॲप फोनच्या स्वतःच्या तंत्रात नव्याने लिहिले, आणि सप्टेंबरमध्ये मार्क झुकरबर्ग यांनी एचटीएमएल५ वर फार भिस्त ठेवणे ही कंपनीची सर्वांत मोठी चूक असल्याचे जाहीरपणे म्हटले. वेबवर चांगला वेग शक्यच नाही, असा अर्थ अनेकांनी काढला. डिसेंबरमध्ये सेंचा या कंपनीने फास्टबुक नावाचे प्रात्यक्षिक करून उत्तर दिले : फेसबुकच्याच माहितीवर चालणारी बातम्यांची यादी, पूर्णपणे वेबच्या तंत्रात, आणि गुळगुळीत सरकणारी. यादी कितीही लांब असली तरी पडद्यावर मावतील तेवढेच घटक त्यांनी बांधले. वर निघून गेलेला घटक पुसून नवा बांधण्याऐवजी त्यातला मजकूर बदलून तोच खाली आणला, रहाटगाडग्याची तीच मडकी पुन्हा भरून यावीत तसा. मापे वाचण्याची आणि बदल करण्याची कामे त्यांनी वेगवेगळ्या रांगांत लावली. यावर एक आक्षेप रास्त आहे. प्रात्यक्षिक म्हणजे कोट्यवधी लोकांच्या हाती द्यायचे उत्पादन नव्हे. शिवाय आयफोनच्या ॲपमध्ये बसवलेल्या वेब-खिडकीला त्या काळी सफारीचे वेगवान इंजिन वापरण्याची मुभा नव्हती. ती २०१४ मध्ये मिळाली. म्हणून फेसबुकचा निर्णय चुकीचा होता असे या दाखल्यावरून म्हणता येणार नाही. पण वेबच्या मर्यादा म्हणून ज्यांची गणना झाली त्यांतला बराच भाग कोडच्या सवयींचा होता, एवढे त्यातून निश्चित दिसते.

फेसबुकने वेब सोडलाही नाही. मे २०१३ मध्ये तिथल्या जॉर्डन वॉक यांनी घडवलेली रिॲक्ट ही लायब्ररी सर्वांसाठी खुली झाली. तिचा विचार असा : माहिती बदलली की पान कसे दिसायला हवे याचे हलके चित्र आधी मेमरीत रचायचे, मागच्या चित्राशी ताडून पाहायचे आणि जेवढे वेगळे तेवढेच खऱ्या पानात बदलायचे. हे ताडून पाहणे फुकट नसते. एखाद्या जाणत्या प्रोग्रामरने नेमका तोच एक घटक हाताने बदलला तर ते याहून जलद होईल, हा आक्षेप सुरुवातीपासून घेतला गेला आणि तो खरा आहे. रिॲक्टचा लाभ निराळ्या जागी होता. शेकडो प्रोग्रामर एकाच ॲप्लिकेशनवर काम करत असताना प्रत्येकाकडून ती जाणकारी अपेक्षिता येत नाही. पानातले बदल एकत्र करून एका दमात लावण्याची शिस्त लायब्ररीने सर्वांच्या वतीने पाळली. मात्र मोठे चित्र ताडून पाहतानाही मुख्य धागा अडतो, हे पुढच्या वर्षांत मोजमापातून दिसले. म्हणून सप्टेंबर २०१७ च्या सोळाव्या आवृत्तीत रिॲक्टचा गाभा नव्याने लिहिला गेला. काम लहान तुकड्यांत करायचे आणि मध्ये क्लिक आला तर थांबून त्याला वाट द्यायची, याचा पाया त्यात घातला गेला.

सर्वांत जुना आक्षेप यंत्राच्या बाजूचा आहे : थोडे थांबा, पुढच्या वर्षीचा प्रोसेसर हे सगळे सोडवील. ज्या वर्षी जीमेल आले त्याच वर्षी या भरवशाचा आधार सुटला. ऑक्टोबर २००४ मध्ये इंटेलने ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ बाजारात आणण्याचा बेत रद्द केला. उष्णतेच्या अडचणीमुळे एकाच गाभ्याचा वेग पूर्वीसारखा वाढवत नेणे परवडेना आणि उद्योग अनेक गाभ्यांकडे वळला. मुख्यतः एकाच धाग्यावर चालणाऱ्या जावास्क्रिप्टला त्या अनेक गाभ्यांचा लाभ थोडाच. त्यानंतर वेबचा मोठा वापर टेबलावरून खिशात आला, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर महागड्या फोनच्या कित्येक पटींनी मंद असतो. भारतात याचा दाखला २०१५ मध्ये मिळाला. बंगळुरूच्या फ्लिपकार्टने त्या वर्षी मोबाईलवरचे संकेतस्थळ बंद करून ग्राहकांना ॲपकडे वळवले होते. नोव्हेंबरमध्ये तिने फ्लिपकार्ट लाइट या नावाने वेब पुन्हा उघडला, कारण तिच्या मोबाईल वेबवर येणाऱ्यांत निम्म्याहून अधिक लोक टू-जी जोडणीवर होते. पानाचा सांगाडा एकदाच फोनवर साठवायचा, पुढच्या वेळी जाळ्याची वाट न पाहता तो लगेच दाखवायचा आणि माहिती तेवढी मागून आणायची, ही त्याची रीत होती. नवा प्रोसेसर ज्यांच्या हाती कधी पोचणार हे सांगता येत नाही, त्यांच्यासाठी कोड बदलणे हाच वेग देण्याचा एकमेव मार्ग होता.

दुसरा आक्षेप म्हणतो की दोष भाषेचाच आहे, आणि वेबअसेंब्लीने तो शेवटी मान्य केला. वेबअसेंब्ली २०१७ मध्ये चारही प्रमुख ब्राउझरांत आली आणि ५ डिसेंबर २०१९ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. सी++सारख्या भाषांतला कोड ती ब्राउझरमध्ये थेट चालवते. फिग्मा या आरेखनाच्या ॲप्लिकेशनने २०१७ मध्ये तिचा स्वीकार केला तेव्हा ते उघडण्याचा वेळ एकतृतीयांशावर आला. पण तिची वंशावळ पाहावी. तिच्याआधी, २०१३ मध्ये, मोझिलातल्या आलोन झकाई, ल्यूक वॅग्नर आणि डेव्हिड हर्मन यांनी एएसएम-जेएस मांडले होते. ते जावास्क्रिप्टचेच एक कडक नियमांनी बांधलेले रूप. त्यात पूर्णांकाच्या प्रत्येक बेरजेच्या उत्तरावर शून्याशी ‘किंवा’ ही बिट-क्रिया लावलेली असे. तिच्यामुळे उत्तराचे मोल बदलत नसे, पण ते ३२ बिटांचा पूर्णांकच आहे याची इंजिनाला खात्री मिळे. एवढ्या शिस्तीवर अनरियल इंजिन ३ हे अवजड खेळयंत्र फायरफॉक्समध्ये चालले. म्हणजे वेबअसेंब्लीच्या मुळाशी हाच अनुभव होता, की कोडने आपला हेतू निःसंदिग्ध सांगितला तर इंजिन त्याला भरभरून देते. आणि पानातले घटक हलवणे, मांडणी मोजणे ही कामे वेबअसेंब्लीलाही जावास्क्रिप्टमार्फतच करावी लागतात. तिथला खर्च भाषा बदलल्याने टळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत विचारी आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांनी १९७४ मध्येच एका लेखात बजावले होते की अकाली सुधारणा ही बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. वेगासाठी पिळलेला कोड वाचायला अवघड होतो, त्यात चुका शिरतात, आणि प्रोग्रामरचा वेळ यंत्राच्या वेळेहून महाग असतो. या काळाचा इतिहास त्यांच्या बाजूने साक्षही देतो. ट्राय-कॅच बाजूला काढण्याचा सल्ला टर्बोफॅन आल्यावर कालबाह्य झाला. शब्द जोडण्यासाठी ॲरे वापरण्याची इंटरनेट एक्सप्लोरर ६ च्या काळची युक्ती नव्या इंजिनांत निरर्थक ठरली. ज्यांनी अशा युक्त्या कोडभर पेरल्या त्यांनी वाचनीयता गमावली आणि काही वर्षांनी हाती काही उरले नाही. पण क्नुथ यांच्या त्याच लेखात दुसरा भागही आहे : क्षुल्लक बचतींचा विचार ९७ टक्के वेळा सोडून द्यावा, मात्र उरलेल्या ३ टक्क्यांची संधी दवडू नये, आणि ते ३ टक्के कुठे आहेत हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे. या निकषावर वरचे दाखले घासून पाहता येतात. एखाद्या इंजिनाच्या लहरीसाठी केलेल्या युक्त्या इंजिनाबरोबर गेल्या. साउडर्स यांचे फाइली दाबून लहान करणे, जीमेलचे लागेल तेव्हाच आणणे, फास्टबुकचे घटक पुन्हा वापरणे, वाचणे आणि बदलणे वेगळे ठेवणे, या गोष्टी आजही कामी येतात, कारण त्यांनी काम करण्याची चलाखी शोधलेली नव्हती. त्यांनी अनावश्यक काम शोधून काढून टाकले होते. प्रोग्रामरचा वेळ महाग असतो हे खरेच, पण तो एकदा खर्च होतो, आणि न काढलेल्या अनावश्यक कामाची वाट प्रत्येक वापरणारा प्रत्येक वेळी पाहतो.

मोजण्याची जागा या काळात कशी सरकत गेली, यातच या इतिहासाची दिशा दिसते. सनस्पायडरच्या काळात प्रयोगशाळेतला एक लूप मोजला जाई. साउडर्स यांनी पान उघडण्याचा वेळ मोजला. २०१४ च्या स्पीडोमीटर या चाचणीने यादीत नोंदी घालणे, खूण करणे, पुसणे अशा माणसाच्या कृती मोजायला घेतल्या. मार्च २०२४ पासून गूगलने संकेतस्थळांच्या मूल्यमापनात जे माप धरले आहे, ते बोट पडद्याला लागल्यापासून पडद्यावर पुढचा बदल उमटेपर्यंतचा वेळ मोजते. हा वेळ खऱ्या लोकांच्या खऱ्या फोनवर नोंदला जातो आणि पानाला दिलेल्या भेटींपैकी पाऊण भेटींत तो २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तरच चांगला म्हटला जातो. सरासरी इथे चालत नाही. वेगवान फोनवाल्यांच्या सुखामागे मंद फोनवाल्यांची ताटकळ झाकली जाऊ नये, अशी ही योजना आहे. प्रतिसाद तत्काळ वाटायचा असेल तर तो सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागात यायला हवा, हे रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच मांडले होते. माणसाच्या सहनशीलतेचे ते माप पन्नास वर्षांत बदललेले नाही. तंत्राला इतका फेरा पडला तो एवढ्यासाठी, की मधल्या काळात ते यंत्राची धाव मोजत राहिले. ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने कोडला हात लावण्यापूर्वी सर्वांत स्वस्त फोन हाती घेऊन, सर्वांत मंद जोडणीवर, आपणच बनवलेले बटण दाबून पाहावे. पडदा जेवढा वेळ निश्चल राहील, तेवढे काम अजून काढायचे आहे.